नाचणीतील पोषणमूल्ये व खनिजे

नाचणी (शास्त्रीय नाव : एल्युसिन कोराकाना) हे तृणकुलातील एक भरडधान्य असून ते निसर्गतः ग्लूटेनरहित आहे. महाराष्ट्रात नाचणी व नागली, तर कर्नाटकात रागी या नावाने ओळखले जाणारे हे धान्य त्यातील कॅल्शियमच्या विपुल प्रमाणासाठी प्रसिद्ध आहे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आढळते. गहू, तांदूळ, ज्वारी व बाजरी या नेहमीच्या आहारातील धान्यांपैकी कोणतेही धान्य या प्रमाणाच्या जवळपासही पोहोचत नाही. तंतुमय पदार्थ, मॅग्नेशियम, पोटॅशियम व पॉलिफिनॉल वर्गातील संयुगे हेही नाचणीतील उल्लेखनीय घटक होत.

धान्यात असलेले खनिज आणि शरीराला प्रत्यक्ष मिळणारे खनिज या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. दाण्यातील फायटेट व टॅनिन ही द्रव्ये खनिजांच्या शोषणात अडथळा आणतात. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे, दळणे व गाळणे या प्रत्येक क्रियेने हे गणित बदलते. त्यामुळे नाचणीच्या पोषणमूल्यांचा विचार करताना कोष्टकातील आकड्यांइतकेच तिच्यावर होणाऱ्या प्रक्रियेलाही महत्त्व आहे.

## नावे व परिचय

नाचणीचे मूळ स्थान पूर्व आफ्रिकेतील, म्हणजे इथिओपिया व युगांडा परिसरातील उंच प्रदेश मानले जाते. तेथून हे पीक प्राचीन काळी भारतात आले आणि दख्खनच्या पठारावर, सह्याद्रीच्या उतारांवर व हिमालयाच्या पायथ्याशी स्थिरावले. कणसाची टोके हाताच्या मिटत आलेल्या बोटांसारखी दिसतात. त्यावरूनच इंग्रजीत त्यास फिंगर मिलेट हे नाव मिळाले.

कोकण व कोल्हापूर भागात नाचणी, तर नाशिक, पालघर व गुजरातचा डांग या भागांत नागली हे नाव रूढ आहे. हिंदी भाषक प्रदेशात मंडुवा किंवा मडुआ, ओडिशात मांडिया, तमिळनाडूत केळवरगू आणि नेपाळमध्ये कोदो अशी नावे प्रचलित आहेत. नेपाळमधील कोदो व महाराष्ट्रातील कोद्रा ही धान्ये मात्र वेगवेगळी आहेत.

भारतात नाचणीचे सर्वाधिक उत्पादन कर्नाटकात होते. महाराष्ट्रात हे मुख्यतः खरिपाचे पीक असून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, नाशिक, पुणे, सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील डोंगरउताराच्या वरकस जमिनीत ते घेतले जाते. भात पिकू शकत नाही अशा हलक्या जमिनीत तग धरणारे व वर्षानुवर्षे कीड न लागता टिकणारे धान्य म्हणून डोंगराळ भागातील कुटुंबांना त्याचा मोठा आधार राहिला आहे. याच कारणाने ते दीर्घकाळ गरिबांचे अन्न समजले गेले. सोळाव्या शतकातील कन्नड संतकवी कनकदास यांच्या ‘रामधान्यचरिते’ या काव्यात तांदूळ व नाचणी यांच्यातील श्रेष्ठत्वाचा वाद हाच विषय आहे. भारत सरकारने २०१८ मध्ये नाचणीसह इतर भरडधान्यांना ‘पौष्टिक तृणधान्ये’ अशी संज्ञा दिली. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले.

## दाण्याची रचना

नाचणीचा दाणा गोलसर असून त्याचा व्यास साधारणतः १ ते १.५ मिलिमीटर असतो. दाण्यावर एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. गव्हाच्या दाण्याप्रमाणे हा पापुद्रा आतील आवरणाला चिकटलेला नसतो. मळणीच्या व धुण्याच्या वेळी तो सहज सुटून जातो. त्याच्या आत पाच थरांचे, तांबूस-तपकिरी रंगाचे बीजावरण असते. या बीजावरणात टॅनिन व इतर पॉलिफिनॉल एकवटलेले असतात आणि दाण्याचा रंग व किंचित तुरट चव त्यांच्यामुळेच येते.

बीजावरण आतील पिठूळ भागाला, म्हणजे भ्रूणपोषाला, घट्ट चिकटलेले असते आणि हा भ्रूणपोष मऊ असतो. परिणामी तांदळाप्रमाणे नाचणी सडून तिचा कोंडा वेगळा करता येत नाही. तसा प्रयत्न केल्यास दाण्याचा चुरा होतो. म्हणून नाचणी परंपरेने कोंड्यासह दळूनच खाल्ली जाते. पॉलिश केलेल्या तांदळात कोंड्याबरोबर बहुतांश खनिजे व तंतू निघून जातात. नाचणीत ती टिकून राहतात. नाचणीच्या पौष्टिकतेचे पुष्कळसे श्रेय दाण्याच्या या रचनेला आहे. कॅल्शियमचा मोठा वाटा बीजावरणात व त्यालगतच्या थरांत असतो. शोषणात अडथळा आणणारी द्रव्येही बाहेरील थरांतच अधिक असतात. म्हणजेच पोषक व पोषणरोधक घटक एकमेकांच्या शेजारी नांदतात.

## पोषणघटकांचे प्रमाण

भारतीय अन्नपदार्थांच्या पद्धतशीर विश्लेषणास तमिळनाडूतील कुन्नूर येथील प्रयोगशाळेत प्रारंभ झाला. ही संस्था १९५८ मध्ये हैदराबाद येथे हलली व पुढे राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. या संस्थेच्या जुन्या कोष्टकांत नाचणीतील कॅल्शियमचे प्रमाण ३४४ मिलिग्रॅम दिलेले आहे. देशाच्या निरनिराळ्या विभागांतून नमुने गोळा करून संस्थेने २०१७ मध्ये नवी कोष्टके प्रसिद्ध केली. पुढील आकडे त्या कोष्टकांनुसार, कच्च्या धान्याच्या अथवा पिठाच्या १०० ग्रॅम खाद्य भागासाठी व पूर्णांकांजवळ आणून दिले आहेत.

| घटक | नाचणी | तांदूळ (सडलेला) | गव्हाचे पीठ | ज्वारी | बाजरी |
|---|---|---|---|---|---|
| ऊर्जा (किलोकॅलरी) | ३२१ | ३५६ | ३२० | ३३४ | ३४८ |
| प्रथिने (ग्रॅम) | ७.२ | ७.९ | १०.६ | १०.० | ११.० |
| स्निग्ध पदार्थ (ग्रॅम) | १.९ | ०.५ | १.५ | १.७ | ५.४ |
| कर्बोदके (ग्रॅम) | ६६.८ | ७८.२ | ६४.२ | ६७.७ | ६१.८ |
| एकूण तंतुमय पदार्थ (ग्रॅम) | ११.२ | २.८ | ११.४ | १०.२ | ११.५ |
| कॅल्शियम (मिलिग्रॅम) | ३६४ | ७ | ३१ | २८ | २७ |
| फॉस्फरस (मिलिग्रॅम) | २१० | ९६ | ३१५ | २७४ | २८९ |
| लोह (मिलिग्रॅम) | ४.६ | ०.७ | ४.१ | ४.० | ६.४ |
| मॅग्नेशियम (मिलिग्रॅम) | १४६ | १९ | १२५ | १३३ | १२४ |
| पोटॅशियम (मिलिग्रॅम) | ४४३ | १०८ | ३११ | ३२८ | ३६५ |
| जस्त (मिलिग्रॅम) | २.५ | १.२ | २.९ | २.० | २.८ |

नाचणी सर्वच बाबतींत इतर धान्यांहून सरस आहे, असे या कोष्टकावरून म्हणता येत नाही. प्रथिनांच्या बाबतीत ती गहू, ज्वारी व बाजरी यांच्या मागे आहे. तंतुमय पदार्थ व जस्त यांत ती गव्हाच्या पिठाच्या बरोबरीस आहे. लोहात बाजरी तिच्या पुढे आहे. तिचे निर्विवाद वेगळेपण कॅल्शियममध्ये दिसते. सडलेल्या तांदळाशी तुलना केल्यास मात्र जवळजवळ प्रत्येक खनिजात नाचणीचे पारडे जड ठरते.

## खनिजे

### कॅल्शियम

हाडे व दात यांची बांधणी, स्नायूंचे आकुंचन व रक्त गोठण्याची क्रिया यांसाठी कॅल्शियम आवश्यक असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीस दररोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची गरज असते. नाचणीचे १०० ग्रॅम पीठ या गरजेच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक कॅल्शियम पुरवते. नेहमीच्या धान्यांत फॉस्फरसचे प्रमाण कॅल्शियमपेक्षा कितीतरी अधिक असते. नाचणीत हे प्रमाण उलट आहे, हेही तिचे वैशिष्ट्य होय.

‘नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम असते’ हे विधान अनेकदा केले जाते. वजनाच्या हिशेबाने ते बरोबर आहे, कारण गाईच्या १०० ग्रॅम दुधात सुमारे ११८ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. परंतु ही तुलना कोरडे पीठ व बहुतांशी पाणी असलेला पदार्थ यांच्यात होते. प्रत्यक्ष ताटात काय पडते, हे पाहिले तर चित्र पुढीलप्रमाणे दिसते :

* एका मध्यम भाकरीस ५० ते ६० ग्रॅम पीठ लागते, असे धरल्यास तीतून सुमारे १८० ते २२० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते.
* एका पेल्यातील (२०० मिलिलिटर) गाईच्या दुधातून सुमारे २३५ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते.
* दोन चमचे, म्हणजे सुमारे २० ग्रॅम पीठ घालून केलेल्या वाटीभर पेजेतून सुमारे ७३ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते.

म्हणजे नाचणीची एक भाकरी एक पेला दुधाच्या जवळपास पोहोचते. पातळ पेज मात्र दुधाची जागा घेऊ शकत नाही. शिवाय दुधातील कॅल्शियमच्या शोषणात फायटेटचा अडथळा नसतो, तो नाचणीत असतो. ज्या कुटुंबांत दूध परवडत नाही अथवा पचत नाही, तेथे रोजच्या जेवणातील भाकरीमुळे पडणारी कॅल्शियमची भर मोलाची आहे. मात्र लहान मुलांचे दूध बंद करून त्याऐवजी पेज देणे या आकड्यांच्या आधारे समर्थनीय ठरत नाही.

### लोह

नाचणी ‘लोहाचा खजिना’ असल्याचा समज दृढ आहे. कोष्टकातील ४.६ मिलिग्रॅम हे प्रमाण सडलेल्या तांदळाच्या सुमारे सातपट असले, तरी गव्हाच्या पिठाहून ते किंचितच अधिक आणि बाजरीहून कमी आहे. प्रौढ स्त्रीसाठी दररोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठातून तिचा सुमारे सहावा हिस्सा मिळतो. वनस्पतिज अन्नातील लोह मुळातच कमी प्रमाणात शोषले जाते आणि नाचणीतील टॅनिन व फायटेट ते आणखी कमी करतात. धान्यातील लोहाच्या मोजमापात खळ्यातील माती व धूळ यांचा अंश मिसळल्यास आकडा फुगतो. चांगल्या रीतीने धुतलेल्या नमुन्यांत तो कमी येतो.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. या पार्श्वभूमीवर नाचणीचा आहारातील समावेश उपयुक्त असला, तरी तो रक्तक्षयावरील औषधोपचारास पर्याय नाही. गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करून केवळ नाचणीवर विसंबून राहणे धोक्याचे ठरू शकते.

### इतर खनिजे

नाचणीत मॅग्नेशियम व पोटॅशियम यांचे प्रमाण चांगले आहे. मॅग्नेशियम अनेक विकरांच्या कार्यासाठी व हाडांच्या घडणीसाठी लागते. सोडियमचे प्रमाण अत्यल्प असून १०० ग्रॅममध्ये ते ५ मिलिग्रॅमच्या आसपास असते. मँगनीज सुमारे ३ मिलिग्रॅम, तर तांबे १ मिलिग्रॅमहून कमी असते. फॉस्फरसचा मोठा भाग फायटेटच्या रूपात बांधलेला असल्याने तो सर्वच्या सर्व शरीराला मिळत नाही.

## प्रथिने, तंतू व जीवनसत्त्वे

नाचणीतील प्रथिनांचे प्रमाण सुमारे ७ टक्के असून त्यांत मेथिओनिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल चांगल्या प्रमाणात असते. इतर तृणधान्यांप्रमाणे लायसिन मात्र कमी पडते. डाळींत याच्या उलट स्थिती असते. त्यामुळे नाचणीच्या भाकरीबरोबर पिठले, उसळ किंवा आमटी असल्यास दोन्ही प्रथिने परस्परांची उणीव भरून काढतात.

तंतुमय पदार्थांपैकी बहुतांश भाग अविद्राव्य असतो. तो मलावरोध टाळण्यास मदत करतो. स्निग्धांश कमी असल्याने पीठ बाजरीच्या पिठाप्रमाणे लवकर खवट होत नाही. जीवनसत्त्वांपैकी थायमिन, रायबोफ्लेविन व नायसिन ही ब-गटातील जीवनसत्त्वे नाचणीत असतात. क-जीवनसत्त्व कोरड्या दाण्यात नसते, मोड आल्यावर ते अल्प प्रमाणात तयार होते.

तंतू व पॉलिफिनॉल यांमुळे मधुमेही व्यक्तींना नाचणीची शिफारस केली जाते. तथापि नाचणीतही दोन तृतीयांश भाग कर्बोदकांचाच आहे. बारीक दळलेल्या पिठाची गूळ घातलेली पातळ खीर आणि भाजी-उसळीसह खाल्लेली भाकरी यांचा रक्तशर्करेवर होणारा परिणाम सारखा नसतो. त्यामुळे पदार्थाचे स्वरूप व खाल्लेले प्रमाण या दोहोंचा विचार आवश्यक ठरतो.

## ग्लूटेनचा अभाव

ग्लूटेन हे गव्हातील ग्लायडिन व ग्लुटेनिन या प्रथिनांपासून बनणारे चिवट द्रव्य होय. जव व राय या धान्यांतही त्याच जातीची प्रथिने असतात. सिलिअ‍ॅक आजार असलेल्या व्यक्तींत या प्रथिनांमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते व अन्नघटकांचे शोषण मंदावते. अशा रुग्णांत कॅल्शियम व लोह यांची कमतरता वारंवार आढळते. आयुष्यभर ग्लूटेन पूर्णतः वर्ज्य करणे हाच या आजारावरील मुख्य उपाय आहे.

नाचणी व गहू ही एकाच तृणकुलातील धान्ये असली, तरी त्यांची उपकुले भिन्न आहेत. नाचणीची जवळची नातलग म्हणजे इथिओपियातील टेफ हे धान्य. तेही ग्लूटेनरहित आहे. नाचणीतील मुख्य साठवण प्रथिनास एल्युसिनिन म्हणतात. त्याची घडण ग्लायडिनहून वेगळी असल्याने सिलिअ‍ॅक रुग्णांना नाचणी चालते. सडलेल्या तांदळावर भिस्त असलेल्या ग्लूटेनमुक्त आहारात तंतू व खनिजे कमी पडतात. ती उणीव भरून काढण्यास नाचणी विशेष उपयोगी आहे.

ग्लूटेन नसल्याचा परिणाम स्वयंपाकातही दिसतो. नाचणीच्या पिठाला गव्हाच्या कणकेसारखा चिवटपणा येत नाही. म्हणून भाकरीसाठी उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढतात किंवा गरम पाण्याने पीठ मळतात. उष्णतेने पिष्ट फुगते, त्यास चिकटपणा येतो व भाकरी थापता येते.

### भेसळीची शक्यता

धान्य ग्लूटेनरहित असणे आणि पीठ ग्लूटेनरहित असणे यांत फरक आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लूटेनमुक्त’ असे लिहिलेल्या पदार्थात ग्लूटेनचे प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. ही मर्यादा इतकी सूक्ष्म आहे की गव्हानंतर त्याच गिरणीत दळलेली नाचणी ती सहज ओलांडू शकते. सिलिअ‍ॅक रुग्णांच्या बाबतीत पुढील गोष्टी लक्षात घेतल्या जातात :

* दळण स्वतंत्र घरघंटीवर किंवा जात्यावर करणे; सार्वजनिक गिरणी टाळणे.
* परात, चाळणी व पोळपाट गव्हाच्या पिठासाठी वापरलेले नसणे. भाकरी थापताना गव्हाची पिठी न घेणे.
* बाजारातील नाचणीची बिस्किटे, शेवया व पाव यांत मैदा किंवा गव्हाचे पीठ नाही, याची वेष्टनावरून खात्री करणे.
* ‘माल्ट’ नावाने मिळणाऱ्या तयार पुडीत जवाचे माल्ट नाही, हे पाहणे.
* नाचणीच्या पापडांत वापरला जाणारा बांधणी हिंग तपासणे, कारण त्यात बहुधा मैदा मिसळलेला असतो.

ज्यांना सिलिअ‍ॅक आजार अथवा गव्हाची अ‍ॅलर्जी नाही, त्यांनी केवळ ग्लूटेन टाळण्यासाठी गहू सोडण्याचे वैद्यकीय कारण नसते.

## पोषणरोधक घटक

फायटेट हे धान्यात फॉस्फरस साठवून ठेवणारे संयुग आहे. अंकुरणाऱ्या रोपाला त्याचा उपयोग होतो. मानवी आतड्यात मात्र ते कॅल्शियम, लोह व जस्त यांना बांधून ठेवते आणि ही खनिजे शोषली न जाता शरीराबाहेर जातात. टॅनिन लोहाशी संयोग पावते व प्रथिनांच्या पचनातही अडथळा आणते. गडद तपकिरी दाण्यांत टॅनिन अधिक, तर पांढऱ्या दाण्यांच्या वाणांत ते अत्यल्प असते. ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधते.

या द्रव्यांना केवळ अपायकारक समजणे योग्य नाही. पॉलिफिनॉल हे ऑक्सिडीकरणरोधक असतात आणि पिष्टाच्या पचनाचा वेग कमी करतात. दाण्याला बुरशी व कीड यांपासून मिळणारे संरक्षणही अंशतः त्यांच्यामुळेच असते.

## प्रक्रियेचे परिणाम

### मोड आणणे

नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणल्यावर दाण्यातील फायटेज हे विकर कार्यरत होते व फायटेटचे विघटन करते. टॅनिनचे प्रमाणही घटते. परिणामी एकूण खनिजांत फारशी वाढ झाली नाही, तरी त्यांतील शोषणयोग्य हिस्सा वाढतो. विशेषतः लोहाच्या बाबतीत ही वाढ लक्षणीय असते. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत या विषयावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे.

मोड आणण्याचा दुसरा लाभ बालआहारात दिसतो. अंकुरणाच्या वेळी अमायलेज हे पिष्ट विघटित करणारे विकर मोठ्या प्रमाणात तयार होते. साध्या पिठाची पेज शिजताना घट्ट होते, म्हणून तीत पाणी वाढवावे लागते आणि लहानशा पोटात पाणीच अधिक जाते. मोडाच्या पिठाची पेज मात्र अधिक पीठ घालूनही पातळ राहते. त्यामुळे बाळाला तेवढ्याच वाटीत अधिक ऊर्जा मिळते. मोड आलेली नाचणी वाळवून मंद आचेवर हलकी भाजावी; ती करपेपर्यंत भाजल्यास हे विकर नष्ट होते.

### सत्त्व

महाराष्ट्रात ‘नाचणी सत्त्व’ या एकाच नावाने दोन वेगवेगळे पदार्थ ओळखले जातात. पहिल्यात मोड आलेली नाचणी वाळवून, दळून, चाळून घेतात. दुसऱ्यात भिजवलेली किंवा मोड आलेली नाचणी ओली वाटून, फडक्यातून गाळून, तळाशी बसलेला पांढुरका साका वाळवतात व चोथा टाकून देतात.

पहिल्या प्रकारात दाण्यातील बहुतेक घटक टिकून राहतात. दुसऱ्या प्रकारात हाती लागते ते मुख्यतः पिष्ट. तंतू, कोंड्यातील खनिजे व पाण्यात विरघळणारे घटक चोथ्याबरोबर व निथळलेल्या पाण्याबरोबर निघून जातात. हे सत्त्व पचायला हलके असते व गाळल्यामुळे त्यातील टॅनिन-फायटेटही घटते. परंतु अखंड दाण्याच्या कोष्टकातील ३६४ मिलिग्रॅम हा आकडा या पदार्थाला लागू होत नाही. वस्त्रगाळ केलेल्या पिठाच्या बाबतीतही, कोंडा जितका बाहेर गेला तितके कॅल्शियम कमी होते. बाळ आठ-नऊ महिन्यांचे झाल्यावर न गाळलेल्या, बारीक दळलेल्या मोडाच्या पिठाकडे हळूहळू वळल्यास हा तोटा टळतो.

### आंबवणे

आंबील हा नाचणीचा पारंपरिक पदार्थ होय. पीठ पाण्यात किंवा ताकात कालवून रात्रभर ठेवतात व सकाळी शिजवतात. आंबण्याच्या क्रियेत आम्लता वाढते, फायटेट कमी होते व खनिजांची विद्राव्यता वाढते. ताकामुळे कॅल्शियम व प्रथिने यांचीही भर पडते. डोसा व इडलीच्या आंबवलेल्या पिठात नाचणी वापरल्यास हाच लाभ मिळतो.

### भाजणे, लाह्या व सडणे

भाजल्याने स्वाद व टिकाऊपणा वाढतो. फायटेट उष्णतेस बऱ्यापैकी दाद देत नसल्यामुळे केवळ भाजण्याने ते फारसे कमी होत नाही. लाह्या फोडून केलेले पीठ कर्नाटकात लोकप्रिय आहे. दाणे भिजवून, वाफवून व वाळवून कठीण केल्यावर कोंडा काढण्याची पद्धत म्हैसूरच्या उपरोक्त संस्थेने विकसित केली. या पद्धतीने नाचणी भातासारखी शिजवता येते, तथापि कोंड्याबरोबर कॅल्शियमचा काही भाग कमी होतो.

## वाणांतील फरक

नाचणीतील खनिजांचे प्रमाण वाण, जमीन व हवामान यांनुसार बदलते. कर्नाटकात भारतीय व आफ्रिकी वाणांच्या संकरातून ‘इंडाफ’ मालिकेतील वाण निर्माण झाले. त्यांनी उत्पादनात मोठी वाढ घडवून आणली. महाराष्ट्रात दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने ‘दापोली १’, तर राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले नाचणी’ हे वाण प्रसारित केले आहेत.

अलीकडे खनिजांचे प्रमाण हाच निकष मानून वाणांची निवड होऊ लागली आहे. २०२० मध्ये प्रसारित झालेल्या ‘सीएफएमव्ही-१’ (इंद्रावती) या वाणात १०० ग्रॅममागे सुमारे ४२८ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ‘व्हीआर ९२९’ (वेगवती) हा वाण अधिक लोहासाठी ओळखला जातो.

## आहारातील उपयोग

भाकरी, आंबील, पेज, खीर, लाडू, पापड व घावन हे महाराष्ट्रातील नाचणीचे प्रमुख पदार्थ होत. गोव्यात नारळाचा रस व गूळ घालून तिझण करतात. कर्नाटकात पिठाचा घट्ट गोळा (मुद्दे) आमटीबरोबर खातात. हिमालयीन प्रदेशात व पूर्व आफ्रिकेत नाचणी आंबवून मद्यही तयार केले जाते.

खनिजांचा अधिकाधिक लाभ होण्याच्या दृष्टीने पुढील गोष्टी उपयुक्त आहेत :

* भाकरीबरोबर लिंबू, आवळा, कोकम किंवा कच्ची कोशिंबीर घेणे. आंबट पदार्थांतील आम्ले व क-जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास साहाय्य करतात.
* जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा-कॉफी टाळणे; त्यांतील टॅनिन लोहाचे शोषण घटवते.
* कॅल्शियमच्या शोषणासाठी ड-जीवनसत्त्व आवश्यक असल्याने पुरेसा सूर्यप्रकाश घेणे.
* ज्वारी, बाजरी व तांदूळ यांच्याबरोबर आलटूनपालटून नाचणी खाणे व सोबत डाळी-कडधान्ये ठेवणे.
* प्रथमच नाचणी खाणाऱ्यांनी प्रमाण हळूहळू वाढवणे व पाणी पुरेसे पिणे.

## हे सुद्धा पहा

* ज्वारी
* बाजरी
* वरी
* राजगिरा
* टेफ
* सिलिअ‍ॅक आजार